"त्वचेत दम नाही" म्हणून फेसलिफ्टला नकार: याचा अर्थ काय?

शेवंतीची_वेणी | मंगळवार, रात्री ९:५०

नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ६१, राहणार सातारा. शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मे महिन्यात मुलाचं लग्न झालं आणि परवा अल्बम घरी आला. त्यात मी खाली वाकून विहिणीच्या ओटीत नारळ घालतेय असा एक फोटो आहे. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना गाल असे लोंबतायत की मला तिथे माझी आजी दिसली. आजी तेव्हा ऐंशीची होती. (विहीणबाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, आणि त्यांचा जबडा अजून आखून काढल्यासारखा. असो.)

फेसलिफ्टसाठी, म्हणजे घसरलेला चेहरा ऑपरेशनने वर उचलून घ्यायला, लेकीला घेऊन पुण्यात एका प्लास्टिक सर्जनकडे गेले. वाटलं होतं फोटो काढतील, खर्च सांगतील, तारीख देतील. त्यांनी वीस मिनिटं नुसता चेहरा चाचपला. गालाला चिमटा घेऊन सोडला. खालची पापणी बोटाने ओढली, सोडली आणि ती डोळ्याला परत कधी चिकटते ते बघत बसले. कानाच्या पाळ्यांच्या मागे बघितलं. मग दातांचं विचारलं. वरच्या दाढा गेल्यात, कवळी आहे पण टोचते म्हणून डबीत असते. "सिगारेट?" म्हणाले. मला हसूच आलं, म्हटलं छे हो. शेवटी म्हणाले, "आत्ता नको. त्वचेत दम कमी आहे, आणि तुम्हाला जे हवंय त्यातलं अर्धं ऑपरेशनने होणारं नाही."

त्याच आठवड्यात आमच्याच गावात 'तासाभरात दोऱ्यांनी चेहरा वर' अशी पाटी पाहिली. तिथे विचारलं तर म्हणाल्या, उद्याच या, सणाची सवलत आहे.

एक जण नको म्हणतो, एक उद्या ये म्हणते. त्वचेत दम नाही म्हणजे नक्की काय नसतं? एकसष्टी हे वय जास्त झालं का? कुणाला अनुभव असेल तर लिहा.

आगळ | मंगळवार, रात्री १०:१५

वाचतेय. आईला हेच हवंय आणि मला काय सांगावं कळत नाही.

सरळमार्गी | मंगळवार, रात्री १०:३१

नातवंडं खेळवायच्या वयात ही थेरं कशाला? सुरकुत्या म्हणजे आयुष्याची कमाई वगैरे. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

तिखटमीठ | मंगळवार, रात्री १०:३८

दिवे घेतले, आता विझवा. ताईंनी "करू का" असं विचारलेलंच नाही. तुम्ही पांढरे केस काळे करता का ते आधी सांगा.

सरळमार्गी | मंगळवार, रात्री १०:४४

मेंदी लावतो. ती वेगळी गोष्ट.

तिखटमीठ | मंगळवार, रात्री १०:४५

:ड

जुना_टाका | बुधवार, सकाळी ६:२०

मी प्लास्टिक सर्जन. नोकरी सगळी सरकारी रुग्णालयात गेली, भाजलेले, अपघातातले, फाटलेल्या ओठांची मुलं. शेवटची काही वर्षं चेहऱ्याची सौंदर्य-शस्त्रक्रियाही केली. आता निवृत्त. चेहरा न बघता मत देत नाही, पण तुमच्या सर्जननी कशासाठी काय बघितलं ते सांगता येईल. आणि त्यांनी वीस मिनिटं हात लावून तपासलं याबद्दल मला तरी ते गृहस्थ आवडले.

शेवंतीताई, गादी भरणारा पूर्वी दारात येऊन कापूस पिंजायचा ते तुम्हाला आठवत असेल. चेहरा म्हणजे तशी गादी समजा. वर खोळ, ती कातडी. आत कापूस, ती चरबी. कापूस एका कोपऱ्यात जाऊ नये म्हणून गादीवाला सुतळीचे टाके घालायचा. चेहऱ्यातही तसे टाके असतात, हाडापासून निघून कातडीपर्यंत जाणारे तंतूंचे दोर. आणि खाली पलंग, म्हणजे हाड.

वयानुसार हे चारही बदलतात, पण एका वेगाने नाही. टाके ढिले होतात. कापूस काही ठिकाणी जिरतो, म्हणून कानशील आणि डोळ्याखाली खड्डा. उरलेला खाली घसरून जबड्याच्या कडेला साठतो. तुम्हाला फोटोत दिसल्या त्या पिशव्या याच. पलंगही झिजतो. डोळ्याची खोबण मोठी होते, वरचा जबडा मागे सरकतो. दाढा गेल्या की जिच्यात त्या रोवलेल्या होत्या ती हाडाची कड विरघळत जाते आणि ओठ-गाल आत बसतात. दातांची चौकशी त्यासाठी होती.

आता खोळ. कातडीच्या आतल्या थरात कोलॅजनचे धागे ताकद देतात आणि इलॅस्टिनचे धागे परत जागेवर आणतात. ऐन तारुण्यानंतर कोलॅजन वर्षाला साधारण १ टक्क्याने घटतं. बायकांमध्ये पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत ते सुमारे ३० टक्के जातं, म्हणून पन्नाशीत "अचानक उतरले" असं वाटतं. इलॅस्टिनचं तर उतारवयात नवं उत्पादन जवळपास होतच नाही, आणि उन्हाने त्याच्या गुठळ्या होतात. चिमटा घेऊन सोडला तो हे बघायला. तरुण कातडी चटकन बसते, थकलेली आठवून आठवून बसते.

तरी एक गैरसमज काढून टाका. कातडी सैल आहे म्हणून फेसलिफ्ट नाकारत नाहीत. सैल नसती तर फेसलिफ्ट कशाला लागलं असतं? अडचण असते ती पातळ, उन्हाने मेलेल्या आणि रक्त कमी पोचणाऱ्या कातडीची. पूर्वी, म्हणजे विसाव्या शतकाच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत, नुसती खोळ ओढून कानापाशी कापून शिवायचे. कातडी मूळची ताणली जाणारी वस्तू. काही महिन्यांत ती पुन्हा लांबायची, मधल्या काळात माणूस वादळात उभा असल्यासारखा दिसायचा, व्रण रुंद व्हायचा आणि कानाची पाळी गालाला चिकटून खाली ओढली जायची. १९७४ मध्ये स्वीडनच्या टॉर्ड स्कूग यांनी खालचा थर धरून उचलायची पद्धत मांडली. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच जोडीने त्या थराची नीट शरीररचना लिहिली आणि त्याला 'स्मास' हे नाव मिळालं. १९९० मध्ये डॅलसच्या सॅम हामरांनी आणखी खोल जाऊन ते टाकेच सोडवले. आता ताण आतल्या थरावर देतात आणि कातडी वरून अलगद, जवळजवळ ताण न देता, पांघरतात. त्यामुळे साठीतली थकलेली कातडीही चालते. पण तिला जिवंत राहायला रक्त हवं, आणि ते कुठून येणार हा खरा प्रश्न. त्यावर नंतर लिहितो, दूधवाला आलाय.

वळणाचा_घाट | बुधवार, सकाळी ९:०५

डॉक्टरसाहेब, गादीचं एकदम पटलं. उन्हाचं विचारायचं होतं.

आमचे वडील एसटीत ड्रायव्हर, तीस वर्षं. बहुतेक घाटातल्याच गाड्या. रिटायर झाल्यावर आई म्हणायची, तुम्ही डावीकडून माझे नवरे आणि उजवीकडून माझे सासरे. उजव्या गालाला एवढ्या आडव्या-उभ्या रेघा आणि उजव्या हाताचा रंग वेगळा. आम्ही हसण्यावारी नेलं. ते उन्हाने होतं का खरंच?

जुना_टाका | बुधवार, सकाळी ११:४०

तुमच्या आईंनी निदान अचूक केलं होतं. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका ६९ वर्षांच्या अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापून आला. २८ वर्षं मालाचा ट्रक चालवलेला. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून त्याचा डावा गाल वीस वर्षांनी पुढे गेल्यासारखा दिसतो, जाड, खोल घड्या पडलेला. बाजूच्या काचेतून अतिनील किरणांपैकी 'बी' अडतात, 'ए' आत येतात आणि तेच खोलवर जाऊन इलॅस्टिन बिघडवतात. तुमच्या वडिलांची तर खिडकी उघडीच असणार. एकाच माणसाचे, एकाच वयाचे दोन गाल. वय जास्त झालं का, या ताईंच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही जन्मतारीख शेवटी बघतो.

आपल्याकडे एक मात्र बरं. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन ऊन अडवतं, त्यामुळे गोऱ्या लोकांना ज्या बारीक सुरकुत्या चाळिशीत पडतात त्या आपल्याला बऱ्याच उशिरा पडतात. आपलं म्हातारपण डागांतून, डोळ्याभोवतीच्या काळेपणातून आणि गाल घसरण्यातून दिसतं. त्याची दुसरी बाजूही आहे. ओठावरच्या उभ्या रेघांसाठी तिकडे जोरकस लेझर किंवा खोल पील (औषध लावून वरची कातडी सोलणं) सर्रास करतात, आपल्या कातडीला तेच केलं तर महिनोन् महिने काळे चट्टे राहू शकतात. "हवंय त्यातलं अर्धं ऑपरेशनने होणार नाही" हे सर्जन बोलले ते यामुळे. फेसलिफ्ट घसरलेलं वर नेतं. डाग, पोत, बारीक जाळी तशीच राहते. घडीची जुनी साडी ताणून धरली तरी तिचा विटका रंग परत येत नाही.

कानाच्या पाळीमागे बघितलं ते कान टोचलेल्या जागी गाठ आली होती का हे पाहायला. जिथे टोचलं तिथे कातडी गाठ धरत असेल तर कानामागच्या लांब व्रणाचा आधीच विचार करावा लागतो.

तिखटमीठ | बुधवार, दुपारी २:१०

दोऱ्यांबद्दल मी सांगते, कारण गालाच्या कातडीखाली ते ओढून धरणारे दोरे घालून घेतलेत. दोन वर्षांपूर्वी, वय ५३, माझा चेहरा गोल आणि गाल जड. पाटीवर लिहिलं होतं तसंच झालं, खरंच तासाभरात. आरशात बघून मी तिथेच पेढे वाटायचे बाकी होते. पहिले पंधरा दिवस हसताना आतून काहीतरी खसकन ओढल्यासारखं. उजव्या गालावर एक खळगा पडला, तो दीड महिना राहिला. आणि गणपती ते होळी एवढ्यात सगळं होतं तिथे परत. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, तुमची त्वचा जड आहे ना, अजून सहा दोरे घालू. आधी का नाही बोललात हो, तेव्हा जड नव्हती?

क्लिनिकचं नाव विचारू नका, देणार नाही. पण ज्यांना थोडंसंच उतरलंय, कातडी अजून घट्ट आहे, अशा चाळिशीच्या मैत्रिणीला वर्षभर बरं वाटलं, हेही खरं.

जुना_टाका | बुधवार, दुपारी ३:३०

दोरा कातडीत अडकून उभा राहतो. कातडीतच धरून ठेवायची ताकद नसेल तर खिळा भुसभुशीत भिंतीत. शिवाय जादाची कातडी तो कापत नाही, नुसती गोळा करतो. हनुवटीखालची चरबी काढण्याचंही तेच. तिशीत काढली तर कातडी आपोआप आवळते. साठीत नुसती चरबी काढली तर रिकामी पिशवी लोंबते आणि आधीपेक्षा वाईट दिसते. भरावाच्या इंजेक्शनांनी उतरलेला गाल 'उचलायला' गेलं की चेहरा फुगतो, उचलला जात नाही. आणि ते इंजेक्शन चुकून रक्तवाहिनीत गेलं तर क्वचित डोळाही जातो, म्हणून ब्यूटी पार्लरमध्ये ते कधीही घेऊ नका.

चष्मेबहाद्दर | बुधवार, रात्री ८:५५

पुरुषमंडळींतर्फे एक हजेरी. वय ६६, ठाणे. वरच्या पापण्यांची कातडी एवढी खाली आली होती की पापण्यांच्या केसांवर टेकायची. पुस्तक वाचताना मी नकळत भुवया वर धरून ठेवायचो, संध्याकाळी कपाळ दुखायचं. बायको म्हणायची, सारखं आश्चर्य काय वाटतं तुम्हाला?

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधी बघितलं की कातडी लोंबतेय, की पापणी उचलणारा स्नायूच ढिला झालाय, की भुवईच खाली आलीय. तिन्ही सारखंच दिसतं पण ऑपरेशन वेगळं. माझी नुसती कातडी निघाली. डोळे कोरडे नाहीत ना, हे कागदाची पट्टी लावून तपासलं. नजरेचं क्षेत्र मशीनवर मोजलं, वरचा भाग खरंच दिसत नव्हता. भूल फक्त जागेवर, तासाभरात घरी. आठवडाभर दोन्ही डोळे सुजून काळेनिळे, वॉचमनला वाटलं सोसायटीच्या मीटिंगमध्ये मारामारी झाली.

गंमत पुढे. कपाळावरच्या आठ्या गेल्या! कपाळाला हातही लावला नव्हता. भुवया वर धरायची गरज संपली म्हणून कपाळ सैल पडलं. पण भुवयाही थोड्या खाली आल्या, ते डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही.

आगळ | बुधवार, रात्री ९:२०

विमा मिळाला का?

चष्मेबहाद्दर | बुधवार, रात्री ९:४८

मिळाला, नजरेच्या चाचणीचा कागद होता म्हणून. एरवी पॉलिसीत सौंदर्य-शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज असेल तरच. आणि ज्यांना फक्त दिसण्यासाठी करायचंय त्यांनी बिलात १८ टक्के जीएसटी धरा. बाकी उपचारांना तो नसतो, याला असतो. अंदाजपत्रक मागताना करासकट मागा, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी चेहऱ्यावर नव्या सुरकुत्या.

मैत्रिणीची_मैत्रीण | गुरुवार, सकाळी १०:३०

कुणी विचारलं नाही पण लिहिते, माझ्यासारख्या खूप असतील. मी ४९. बारा वर्षं एकच गोरेपणाची ट्यूब लावली, मेडिकलवाल्याने दिलेली, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. लावली की चेहरा उजळायचा, बंद केली की लाल होऊन आग व्हायची, म्हणून परत लावायची. डोळ्यांखालच्या कातडीसाठी एका सर्जनकडे गेले तर त्यांनी पिशवीतली ट्यूब काढायला लावली. स्टेरॉइड. भिंग देऊन गाल दाखवला, बारीक लाल शिरांचं जाळं. म्हणाले, वय एकोणपन्नास आणि गालाची कातडी सत्तरच्या बाईसारखी पातळ. आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, ट्यूब सोडवा, वर्षभराने या. गेले आठ महिने सोडवतेय. पहिले दोन महिने नरक होता.

जुना_टाका | गुरुवार, सकाळी ११:१५

फार महत्त्वाचं लिहिलंत. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या चेहऱ्याला वेगळं नावच दिलंय, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. अशा कातडीला टाका घातला तर ती ओल्या कागदासारखी फाटते. ताई, तुम्हीही असं काही लावत असाल तर सर्जनना सांगा. दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या स्टेरॉइड गोळ्याही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मनाने घेतलेल्या लसूण-कॅप्सूल आणि ई-जीवनसत्त्वसुद्धा. आणि हृदयासाठी दिलेली गोळी ऑपरेशनसाठी आपल्या मनाने कधीही बंद करू नका.

पल्याडची | गुरुवार, रात्री ११:०२ (इकडे दुपार)

न्यू जर्सीहून. मी दोन वर्षांपूर्वी, ६४ व्या वर्षी, चेहरा आणि मान दोन्ही केलं. भाचीशिवाय भारतात कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून हा आयडी नवा आहे.

वयाबद्दल: मी पण हेच विचारलं होतं. माझ्या सर्जननी क्लीव्हलंड क्लिनिकचा २०११ चा अभ्यास सांगितला, की नीट निवडलेल्या पासष्टीवरच्या रुग्णांत गुंतागुंत तरुणांपेक्षा जास्त दिसली नाही. 'नीट निवडलेल्या' यावर त्यांनी पेन्सिलीने दोनदा रेघ मारली. माझं बीपी तीन महिने घरी मोजून वहीत लिहायला लावलं. वजन स्थिर हवं म्हणाले. आधी दहा किलो उतरवायचं असेल तर आधी उतरवा, नंतर उतरवलं तर केलेलं काम सैल पडेल. हल्ली वजनाच्या इंजेक्शनांनी झटकन बारीक झालेल्या बायका त्यांच्याकडे रांग लावून येतात. गालातला कापूस गेला आणि खोळ तेवढीच राहिली.

पहिल्या रात्रीचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. डोक्याभोवती पट्टी, कानामागून दोन नळ्या. रात्री दोनला डावा गाल टणक होऊन ठणकायला लागला. एकाच बाजूला. नर्सला सांगितलं, सर्जन अर्ध्या तासात आले, टाके उघडून साठलेलं रक्त काढलं. कातडीखाली रक्त साठणं ही यातली सगळ्यात जास्त होणारी गुंतागुंत आणि बहुधा पहिल्या चोवीस तासांतच होते. वर वाचलं तसं कातडी रक्तावर जगते, आणि खाली साठलेलं रक्त तिला उचलून धरतं. उशीर केला असता तर काळी पडली असती. म्हणून पहिली रात्र घरी काढायची नाही आणि "एका बाजूला जास्त दुखतंय" हे सहन करायचं नाही.

कानाच्या पाळ्या आठ महिने बधिर होत्या. कुडी घालताना मळसूत्र बसलं की नाही ते आरशात बघावं लागायचं. एक कुडी हरवली, आईची होती. अजून रुखरुख आहे.

ओठांवरच्या रेघा आहेत तशाच. पण मान गेली! म्हणजे आली. म्हणजे जी होती ती गेली आणि जुनी परत आली.

बखरकार | शुक्रवार, दुपारी १:१५

कातडी रक्तावर जगते यावरून थोडं अवांतर, पण पुण्याचं आहे. लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र आहे. इंग्रजी फौजेचा गाडीवान कावसजी, टिपूच्या कैदेत त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुण्याजवळच्या विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. मेणाची पातळ पापडी नाकाच्या जागी बसवून माप घेतलं, ती कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ ओढली, तेवढी कातडी सोलून खाली वळवली. पण दोन भुवयांच्या मधे एक पट्टी तशीच जोडलेली ठेवली. चिकटवायला पाण्यात भिजवलेला कात, विड्यात घालतो तोच. ती पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापली. हे वाचून लंडनच्या कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तसं ऑपरेशन केलं.

जुना_टाका | शुक्रवार, दुपारी ४:००

अवांतर अजिबात नाही, मला जे लिहायचं राहिलं होतं तेच हे. ती भुवयांमधली पट्टी म्हणजे नव्या नाकाची रक्ताची वाट. पंचवीस दिवसांत खालून नवीन वाहिन्या येतात, मग तिची गरज संपते. त्या माणसाने शाळा पाहिली नसेल, पण कातडी कशावर जगते ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

फेसलिफ्टमध्ये गालाची कातडी खालून सोडवली की खालून येणारं रक्त तुटतं. मग ती एका कडेने येणाऱ्या बारीक वाहिन्यांवर तगते. सगळ्यात लांबचं टोक कानामागे, आणि सडते ती बहुधा तिथेच. निकोटीन नेमक्या याच बारीक वाहिन्या आवळतं. १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या रीस आणि सहकाऱ्यांनी मोजलं होतं, धूम्रपान करणाऱ्यांत कातडी सडण्याचा धोका बारा पटींहून जास्त. म्हणून चांगला सर्जन सुरकुत्यांपेक्षा सिगारेटीला जास्त घाबरतो.

शेवंतीताई, एक विचारतो, राग मानू नका. सिगारेट नाही हे कळलं. तंबाखू? मिश्री?

शेवंतीची_वेणी | शुक्रवार, रात्री १०:३५

काय सांगू. लावते.

सासरी आल्यापासून. सासूबाई पहाटे चुलीपाशी तव्यावर भाजायच्या, त्या वासानेच जाग यायची. सकाळी एकदा, शाळेतून आल्यावर एकदा, रात्री झोपताना. त्याशिवाय पोट साफ होत नाही. शाळेत चाळीस वर्षं मुलांना तंबाखूविरोधी शपथ दिली आणि घरी येऊन बोटाने मिश्री. सर्जननी "सिगारेट" विचारलं म्हणून मी छे म्हटलं. लेक शेजारी बसली होती. खोटं बोलले असं त्या वेळी वाटलंच नाही, बाईमाणसाची मिश्री ही तंबाखूत मोजतच नाहीत ना आमच्याकडे.

आगळ | शुक्रवार, रात्री १०:५०

आमच्या कोकणात मशेरी. माझी आई. तिलाही डॉक्टरने कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही.

जुना_टाका | शनिवार, सकाळी ६:०५

मी नोकरीत असताना पहिली दहा वर्षं "धूम्रपान करता का" असंच विचारायचो. एका बाईंची कानामागची कातडी काळी पडली, कारण सापडेना. त्यांच्या सुनेने व्हरांड्यात मला गाठून डबी दाखवली, ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत चालू होती. तेव्हापासून मी नावं घेऊन विचारतो. मिश्री, गुटखा, तपकीर, सगळं. चूक माझी होती, त्यांची नव्हे.

निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. सोडायला म्हणून निकोटीनचं च्युइंगगम घेतलं तर तेही निकोटीनच, हे सर्जनना सांगा. लघवीच्या तपासणीत ते कळतं. पोटाचं म्हणाल तर पहिले दहा-बारा दिवस त्रास होईल, वैद्यांना विचारून काही घ्या.

आणि कवळी. ती डबीतून तोंडात येऊ द्या. टोचते म्हणजे हिरडी झिजलीय आणि माप चुकलंय, नवी करा. गाल आतून भरल्याशिवाय बाहेरून किती उचलायचा ते कुठल्याच सर्जनला नीट कळत नाही.

सरळमार्गी | शनिवार, सकाळी ९:३०

इथवर सगळं वाचलं. मी तंबाखू खातो. फेसलिफ्ट करायचं नाहीये, पण जबड्याचं छोटं ऑपरेशन आहे पुढच्या महिन्यात, तिथे सांगितलं नव्हतं. सांगतो.

तिखटमीठ | शनिवार, सकाळी ९:४१

सांगा. मेंदीचंही सांगा.

शेवंतीची_वेणी | चार महिन्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ७:२०

धागा वर काढतेय. बऱ्याच जणींनी व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलं म्हणून.

मिश्री बंद करून आज ९६ दिवस. मधे दोनदा मोडलं, दोन्ही वेळा माहेरी गेले तेव्हा. ९६ हा तिसऱ्या वेळेपासूनचा हिशोब. तवा भंगारात दिला, कारण तो दिसला तरी वास येतो.

नवी कवळी केली. दंतवैद्यांनी चार खेपा घालायला लावल्या, मेण ओठांखाली बसवून "आता बोला, आता हसा" करत. ओठ बाहेर आला, नाकापासून हनुवटीपर्यंतची उंची थोडी वाढली आणि तोंडाच्या कोपऱ्यातल्या खाली वळलेल्या रेघा निम्म्या झाल्या. लोंबणाऱ्या पिशव्या आहेत तिथेच आहेत, ते खोटं सांगत नाही. भाकरी चावता येते हा वरकड फायदा.

दोऱ्यांच्या पाटीकडे गेले नाही. सणाची सवलत अजून चालूच आहे.

गेल्या आठवड्यात पुन्हा पुण्याला गेले. या वेळी लेकीसमोरच मिश्रीचं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली, तिला माहीत होतं म्हणे लहानपणापासून. सर्जननी परत चिमटा घेतला, परत पापणी ओढली. खालच्या पापणीला हात लावणार नाही म्हणाले, ती ढिली आहे, कातडी काढली तर डोळा उघडा पडून सतत पाणी येईल. फक्त गालाची खालची बाजू आणि मान. बीपीची वही लिहायला सांगितलीय. जानेवारीत लघवीची तपासणी करू आणि मग तारीख बघू म्हणाले. मी अजून हो म्हटलेलं नाही. पल्याडची ताईंची ती रात्री दोनची गोष्ट डोक्यातून जात नाही. पण आता ठरवणारी मी आहे, त्वचा नाही.

विहीणबाई दिवाळीला आल्या होत्या. फराळाला बसल्यावर म्हणाल्या, तब्येत सुधारलेली दिसते. कवळीचं सांगितलं नाही.

आगळ | रविवार, रात्री ८:०५

ताई, कवळीचं माप मेणाने घेतात ते कुठल्याही दंतवैद्यांकडे होतं का? आईची दोनदा करून झाली, दोन्ही फडताळात आहेत. रत्नागिरीत कुणी चांगलं असेल तर कळवा.